चित्रण-यंत्राचें ओझें

गेल्या वर्षीं सुगीच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयांतील चार विद्यार्थी घाटावरच्या एका खेड्यांत गेले होते. तेथील एक वृद्ध कुंभार आपलें चाक त्या दिवशीं शेवटचें फिरविणार होता. मुलगा शहरांत नोकरीस लागलेला, आणि म्हाताऱ्याच्या मनगटांत आतां बळ उरलेलें नव्हतें. त्या शेवटच्या चाकाचें चलच्चित्र घ्यावें, अशी या मुलांची इच्छा होती. कॅमेरा भाड्यानें आणलेला, पण उत्तम होता. दोन ओंजळींत मावेल एवढाच. परंतु त्याच्यासोबत जोडसाहित्याच्या दोन मोठ्या पेट्या आल्या होत्या. पहांटे म्हातारा चाकावर बसला आणि मुलें जोडणीस लागलीं. भिंग पुढें जड झालें म्हणून मागें वजन लावलें. तें तिवईच्या डोक्यास पेलेना म्हणून काढलें आणि खालची पट्टी पुढें सरकविली. पट्टी सरकविली तों पडद्याची तार अपुरी पडली. हें सर्व होईपर्यंत ऊन छपराखालीं आलें होतें आणि ओट्यावर अकरा गाडगीं ओळीनें वाळत ठेवलेलीं होतीं. म्हातारा हात धुऊन उभा होता. “बाबा, आणखी एक कराल का?” असें मुलांनीं विचारलें, तेव्हां “माती सरली,” एवढेंच तो म्हणाला.

परत आल्यावर या मुलांनीं माझ्यापुढें एक यादी ठेवली. पुढच्या खेपेस असें होऊं नये म्हणून याहून हलकें व याहून चांगलें जोडसाहित्य महाविद्यालयानें विकत घ्यावें, अशी त्यांची मागणी होती. यादींत सतरा वस्तू होत्या, आणि त्यांची बेरीज खुद्द कॅमेऱ्याच्या किंमतीच्या वर जात होती. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण मला आठवल्यावांचून राहिली नाहीं. मी पदार्थविज्ञान शिकवितों, व खरेदी-समितीवर माझें नांव आहे. म्हणून ती यादी माझ्याकडे आली. परंतु वाचतां वाचतां मला असें वाटूं लागलें कीं, हा प्रश्न या मुलांचा एकट्यांचा नव्हे. चलच्चित्राची कला जन्मली त्या दिवसापासून, म्हणजे सव्वाशें वर्षांहून अधिक काळ, तो पुन्हां पुन्हां उभा राहिला आहे. पूर्वीच्यांनीं तो कसा सोडविला हें पाहिल्यावांचून यादीवर सही करणें शहाणपणाचें नव्हे. तो शोध वाचकांपुढें ठेवावा एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम या नव्या कॅमेऱ्याचें स्वरूप सांगितलें पाहिजे. हल्लीं चित्रपटांसाठीं जे अंकीय, म्हणजे डिजिटल, कॅमेरे वापरतात त्यांपैकीं पुष्कळांत मूळ यंत्र म्हणजे केवळ धातूची एक लहानशी पेटी असते. प्रकाश टिपणारी चकती आणि ती टिपण अंकांत उतरविणारी यंत्रणा एवढेंच तिच्या पोटांत असतें. भिंग वेगळें, चित्र पाहण्याचा पडदा वेगळा, विजेरी वेगळी, धरावयाची मूठही वेगळी. हे सारे घटक अडकविण्यासाठीं पेटीभोंवतीं भोकांचा एक सांगाडा बसवितात, त्यास ‘केज’ म्हणजे पिंजरा असें म्हणतात. पिंजऱ्याखालून दोन समांतर दांड्या पुढें काढतात. त्यांवर भिंगाचें चक्र फिरविणारा ‘फॉलो फोकस’ आणि भिंगावर आडवा पडणारा प्रकाश अडविणारा ‘मॅट बॉक्स’ बसतो. या सगळ्या उभारणीस ‘रिग’ हें नांव आहे. ज्यानें त्यानें आपल्या कामाप्रमाणें हवें तें जोडावें, नको तें काढावें, ही मूळ कल्पना. कल्पना उत्तम आहे. परंतु हवें काय आणि नको काय, हें कोण ठरविणार, हाच तर प्रश्न.

आतां मागें वळूं. अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत डिक्सन यानें सिद्ध केलेलें ‘कायनेटोग्राफ’ हें यंत्र विजेवर चाले, आणि तें इतकें अवजड होतें कीं त्यास दृश्याकडे नेण्याऐवजीं दृश्यच त्याच्याकडे आणावें लागे. त्यासाठीं वेस्ट ऑरेंज येथें १८९३ सालीं ‘ब्लॅक मरिया’ नांवाचें एक काळें घर तयार झालें. तें घर रुळावर फिरवून सूर्याकडे वळवीत, आणि नर्तकी, मल्ल व कसरत करणारे तेथें येऊन आपापलें काम करून जात. जग यंत्राच्या दारीं येई. यंत्र जगाच्या दारीं जात नसे.

दोनच वर्षांनीं फ्रान्समध्यें ल्यूमिएर बंधूंनीं याच्या उलट वाट धरली. त्यांचें ‘सिनेमातोग्राफ’ सुमारें पांच किलो वजनाचें, हातानें फिरवावयाचें, लांकडी पेटीचें यंत्र होतें. सुमारें सतरा मीटर फिल्म त्यांत बसे व ती एका मिनिटाच्या आंत संपे. परंतु त्याची खरी करामत निराळीच होती. त्याच पेटींतून चित्र घेतां येई, त्याच पेटींतून त्याची प्रत काढतां येई, आणि मागें दिवा ठेवला कीं तीच पेटी तें चित्र पडद्यावर टाकी. पॅरिसमधील ग्राँ कॅफेंत २८ डिसेंबर १८९५ रोजीं तिकीट लावून त्याचा खेळ झाला, आणि ७ जुलै १८९६ रोजीं तो मुंबईस वॉटसन हॉटेलांत येऊन पोहोंचला. एवढ्या थोड्या काळांत तो समुद्रापलीकडे गेला, याचें एक कारण यंत्राचा हलकेपणा हें होय. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर तो दिवा हें त्या कॅमेऱ्याचें पहिलें जोडसाहित्य. आणि चित्र घेण्यास निघालेला मनुष्य तो दिवा घेऊन रानोमाळ हिंडत नसे. प्रत्येक उपांग ज्या वेळीं कामाचें असेल त्याच वेळीं जोडावें, हा पहिला धडा पहिल्याच यंत्रानें घालून दिला.

मुंबईच्या त्या नव्या खेळानें भारून गेलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे छायाचित्रकार होते. त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डन येथें झालेल्या कुस्तीचें चित्रण केलें. एडिसनचे मल्ल काळ्या घरांत येत. सावे दादांचा कॅमेरा मल्लांकडे गेला. १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हां त्यांच्या स्वागताचें चित्रणही सावे दादांनींच केलें. जें यंत्र उचलून नेतां येत नाहीं त्यास अशा प्रसंगाचा साक्षी होतां येत नाहीं.

दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले. तो तिवईवर ठेवून एका माणसास चालवितां येण्याजोगा होता. परंतु त्या हलक्या यंत्राचा राहिलेला भार कोठें गेला, हें पाहिलें पाहिजे. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रें पाडलेलीं नसत. तीं वेगळ्या यंत्रावर, अंधारांत, हातानें पाडावीं लागत. फिल्म धुणें, वाळविणें हेंही घरींच. या कामाचा मोठा वांटा सरस्वतीबाई फाळके यांनीं उचलला, आणि शिवाय साऱ्या मंडळींच्या जेवणाखाणाची व्यवस्थाही त्याच पाहत. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लागला, तेव्हां पडद्यावरील प्रत्येक चौकट त्या माउलीच्या हातांखालून गेलेली होती. यंत्राचा भार हलका झाला म्हणजे भार नाहींसा झाला असें नव्हे. तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर गेला. या साऱ्या इतिहासाची किल्ली मला तरी या एका गोष्टींत सांपडली.

फाळक्यांनीं कॅमेरा आणला; कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटरांनीं तो घडविण्याचें मनांत घेतलें. आनंदरावांच्या अकालीं निधनानंतर बाबूरावांनीं तें काम तडीस नेलें, आणि त्या स्वदेशी यंत्रावर घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० सालीं लोकांपुढें आला. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या कलावंतानें चित्रण-यंत्राचें दांतेंचक्र घांसावें, ही गोष्ट कौतुकाची खरीच. पण तींत एक बोधही आहे. आपल्या यंत्राचा कोणता भाग कशासाठीं आहे, हें बाबूरावांस सांगावें लागत नसे. ज्यानें स्वतः बसविलें नाहीं असें एकही अंग त्या कॅमेऱ्यास नव्हतें.

या काळांतील कॅमेरे वजनानें फार जड नव्हते. तरी ते हातांत धरून चित्रण करणें जवळजवळ अशक्य असे. कारण साधें होतें. एक हात दांडी फिरविण्यांत गुंतलेला. सेकंदास दोन फेरे, फेऱ्यास आठ चौकटी, हा ताल बिघडला कीं चित्रांतील मनुष्य धांवूं तरी लागे किंवा रेंगाळे तरी. तेव्हां तिवई हवीच. दांडीची जागा विजेच्या मोटरीनें घेतली, आणि हात मोकळा झाला. परंतु मोटरीस विजेरी हवी, विजेरीस वजन असतें, आणि तें वजन ठेवावें कोठें, हा नवा प्रश्न उभा राहिला.

त्याचें एक संस्मरणीय उत्तर १९२४ सालीं जर्मनींत मिळालें. मुर्नाउ यांच्या ‘डेर लेट्स्टे मान’ या मूकपटांत एका मद्यपी द्वारपाळाच्या डोळ्यांनीं हेलकावणारें जग दाखवावयाचें होतें. छायालेखक कार्ल फ्रॉइंड यानें कॅमेरा आपल्या छातीवर बांधला, आणि तोल साधावा म्हणून विजेऱ्या पाठीवर घेतल्या. आपल्याकडे कावडीनें पाणी वाहणारा दुसरें काय करीत असे? एकच घागर घेऊन चालणारा एका अंगास कलतो. दोन घागरी दोहों टोकांस अडकविल्या कीं वजन दुप्पट होऊनही चाल सरळ होते. भार कमी केल्यानेंच ओझें हलकें होतें असें नाहीं. तो योग्य जागीं ठेवल्यानेंही होतें. आज खांद्यावरच्या कॅमेऱ्याची विजेरी मागच्या टोकास बसवितात, ती या कावडीच्याच न्यायानें.

इतक्यांत ध्वनि आला. १९२७ सालीं अमेरिकेंत, आणि १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’च्या रूपानें मुंबईंत. बोलपटानें कॅमेऱ्याचें स्वातंत्र्य एका दिवसांत हिरावून घेतलें. त्याची घरघर ध्वनिग्राहकास ऐकूं जाई, म्हणून प्रारंभीं छायालेखकासह कॅमेरा एका बंद कोठडींत घालीत. तेथें उकाड्यानें माणसाचा जीव कासावीस होई, आणि कोठडीस असलेल्या कांचेंतून जेवढें दिसेल तेवढेंच जग. पुढें माणसास बाहेर काढून केवळ यंत्रावर आवाज कोंडणारें कवच चढविलें. १९३४ सालीं मिचेल कंपनीचा जो मूक कॅमेरा आला त्याचा आवाज जवळजवळ नाहींसा झाला होता, पण वजन शंभर पौंडांच्या वर होतें. त्याच सुमारास रंगीत चित्रांसाठीं टेक्निकलर कंपनीचा तीन फिल्मा एकाच वेळीं चालविणारा कॅमेरा आला. कवचासह तो हलविणें म्हणजे चार-सहा माणसांचें काम. एडिसनचें काळें घर जणूं पुन्हां बांधलें गेलें. दोष कोणाचाही नव्हता. नि:शब्दता आणि रंग हे दोन नवे गुण हवे होते, आणि त्यांचें मोल वजनाच्या रूपानें द्यावें लागलें.

हें मोल नाकारण्याचा प्रयत्न म्यूनिकच्या आर्नोल्ड व रिश्टर यांच्या कारखान्यानें केला. १९३७ सालीं त्यांनीं जो ‘ॲरिफ्लेक्स ३५’ पुढें आणला त्यांत फिरत्या आरशाची एक युक्ति होती. फिल्मवर जें चित्र पडणार तेंच, त्याच भिंगांतून, छायालेखकास पाहतां येऊं लागलें. चित्र पाहण्यासाठीं वेगळें उपकरण लावण्याची गरज उरली नाहीं. एक उपांग कमी झालें, तें दुसरें उपांग हलकें करून नव्हे, तर मूळ रचनेंतच विचार करून. १९४७ सालीं फ्रान्समध्यें एक्लेर कारखान्याचा ‘कॅमेफ्लेक्स’ आला. त्याची फिल्मची पेटी क्षणांत काढतां-घालतां येई. हाच कॅमेरा घेऊन राउल कुतार यानें १९५९ सालीं पॅरिसच्या रस्त्यांवर गोदार यांचा ‘आ बू द सूफ्ल’ टिपला. रूळ आणि गाडी यांऐवजीं चाकांची खुर्ची वापरली. परंतु हा कॅमेरा आवाज करी, म्हणून संवाद मागाहून भरावे लागले. येथेंही भार नष्ट झाला नाहीं; तो रस्त्यावरून उठून संकलनाच्या खोलींत गेला.

पुढील पंधरा वर्षांतील सुधारणा म्हणजे भाराची वांटणीच होय. स्वित्झर्लंडमध्यें कुडेल्स्की यानें १९५१ पासून ‘नाग्रा’ हें खांद्यास अडकवावयाचें ध्वनिमुद्रण-यंत्र बनविण्यास प्रारंभ केला, तेव्हां आवाजाचा भार कॅमेऱ्यावरून उतरून दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर गेला. सोळा मिलिमीटरचे नि:शब्द कॅमेरे आले. १९६१ सालीं रूश व मोरँ यांनीं ‘क्रोनिक दँ एते’ या चित्रपटांत अशाच एका नव्या कॅमेऱ्यानें पॅरिसच्या सामान्य माणसांस रस्त्यावर बोलतें केलें. मग ग्रेनोबलच्या बोव्हिआला यांनीं आपल्या ‘आतों’ कॅमेऱ्यासाठीं एकच कसोटी ठरविली: खांद्यावर तो मांजरासारखा बसला पाहिजे. ती कसोटी वजनाची नव्हती, बसण्याची होती. मांजर आपला तोल आपण सांभाळतें; धरणाऱ्यास हात आवळावा लागत नाहीं.

येथें एक शंका येईल. कॅमेरा जितका हलका तितका चांगला, असेंच का म्हणूं नये? याचें उत्तर अमेरिकेंतील गॅरेट ब्राउन यांच्या ‘स्टेडिकॅम’नें दिलें. ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या १९७६ च्या चित्रपटांत तें प्रथम वापरलें गेलें, आणि त्यानंतर ‘रॉकी’ व ‘द शायनिंग’ यांनीं तें सर्वतोमुखीं केलें. हलकी वस्तु लवकर हलते, म्हणजेच लवकर थरथरते. ब्राउन यांनीं कॅमेरा, विजेरी आणि पाहण्याचा पडदा हे भाग मुद्दाम एकमेकांपासून दूर, एका उभ्या दांड्याच्या दोन टोकांस बसविले. दांडा गुरुत्वमध्याजवळ धरला आणि सारा भार स्प्रिंगच्या बाहूनें कमरेवर घेतला. तारेवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातांत लांब काठी धरते, तिचें रहस्य हेंच. काठीनें वजन वाढतें, पण वजन मध्यापासून दूर पसरल्यामुळें शरीर एकाएकीं कलत नाहीं. स्थिरता वजनांत नसते, हलकेपणांतही नसते. ती वांटणींत असते.

आतां अंकीय युगाकडे येऊं. फिल्मची पेटी गेली, दांतेंचक्रें गेलीं, आवाज गेला. २००७ सालीं ‘रेड वन’ हा कॅमेरा विक्रीस आला. त्याचें नुसतें अंग सुमारें साडेचार किलोंचें होतें. २०१५ सालीं ‘ॲलेक्सा मिनी’ आला, तो सव्वादोन किलोंच्या आसपास. २०२० सालीं ‘कोमोडो’, तो तर एक किलोच्या आंत. एकशें पंचवीस वर्षांत ल्यूमिएर यांच्या पेटीच्या पंचमांशाइतका कॅमेरा व्यावसायिकांच्या हातीं आला. परंतु त्याच वेळीं भोंवतालचें ओझें वाढत गेलें. भिंगाचेंच पाहा. २४ ते २९० मिलिमीटरचें एक प्रसिद्ध ऑप्टिमो चलभिंग सुमारें अकरा किलो वजनाचें आहे; म्हणजे सव्वादोन किलोंचा कॅमेरा त्यास अडकविला असतां भिंगास कॅमेरा जोडला असें म्हणावें, कॅमेऱ्यास भिंग जोडलें असें नव्हे.

या घटकशः रचनेचा सर्वांत सुंदर उपयोग आमच्या मुंबईनेंच पाहिला. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ या २००८ च्या चित्रपटासाठीं छायालेखक अँथनी डॉड मँटल यांस झोंपडपट्टीच्या अरुंद गल्ल्यांतून धांवणाऱ्या मुलांच्या मागें जावयाचें होतें. मोठा कॅमेरा गल्लींत मावता ना, आणि मावता तर गर्दी जमती. त्यांनीं ‘एसआय-टूके’ नांवाच्या यंत्राचें लहानसें मस्तक तेवढें हातांत घेतलें; चित्र नोंदविणारा संगणक तारेनें जोडून पाठीवरच्या पिशवींत घातला. फ्रॉइंडच्या छातीवरचा कॅमेरा आणि पाठीवरच्या विजेऱ्या चौऱ्यांशीं वर्षांनीं पुन्हां एकत्र आल्या. २००९ सालीं त्या छायालेखनास ऑस्कर पारितोषिक मिळालें. हें यश जोडसाहित्याच्या संख्येचें नव्हे. त्या गल्लींत कोणत्या भारास जागा आहे, हें आधीं ओळखण्याचें होय.

हा इतिहास मनांत ठेवून मी मुलांच्या यादीकडे पुन्हां वळलों, आणि वजनाचा हिशेब मांडला. यादींत कर्बतंतूच्या, म्हणजे कार्बन फायबरच्या, महागड्या दांड्या होत्या. तीस सेंटिमीटर लांबीच्या, पंधरा मिलिमीटर व्यासाच्या व दीड मिलिमीटर जाडीच्या पोकळ दांड्यांची जोडी पोलादाची असेल तर सुमारें ३०० ग्रॅम भरते. ॲल्युमिनियमची १०० ग्रॅम. कर्बतंतूची ६० ग्रॅम. पोलादाऐवजीं ॲल्युमिनियम घेणें शहाणपणाचें खरेंच; परंतु त्यापुढें जाऊन एवढा पैसा घालावयाचा तो ४० ग्रॅमांसाठीं, म्हणजे एका मोठ्या लिंबाएवढ्या वजनासाठीं. उलट मॅट बॉक्स, त्याच्या जाड कांचा, आणि ते पेलण्यासाठीं वाढविलेल्या दांड्या काढल्या, तर किलोभर वजन फुकट वांचतें. बाहेरच्या आडव्या उन्हास पुष्कळदां भिंगावरची साधी टोपी पुरते. हलकी वस्तु विकत घेण्याहून नको ती वस्तु घरीं ठेवणें अधिक हलकें.

विजेरीचा हिशेब असाच आहे. ९८ वॉट-तासांची विजेरी साधारण पाऊण किलो भरते. कॅमेरा ४९ वॉट वीज घेत असेल तर गणितानें ती दोन तास पुरावी. पडदा व इतर उपांगें तिच्यावरच चालविलीं तर त्याहून कमी. मुलांनीं दुप्पट मोठी विजेरी मागितली होती. तींत दोन तोटे दिसले: वजन सदैव खांद्यावर, आणि १०० वॉट-तासांवरच्या विजेऱ्यांवर विमानांत अधिक निर्बंध असतात. दोन लहान विजेऱ्या घेतल्या तर एक कामावर, दुसरी पिशवींत.

तोलाचा नियम तर शाळेंतल्या तरफेचाच. खांद्यापुढें वीस सेंटिमीटरवर दोन किलो भार असेल तर मागें चाळीस सेंटिमीटरवर एक किलो पुरतो. म्हणून मागें वजनाच्या निरुपयोगी चकत्या लावण्याऐवजीं जी विजेरी घ्यावयाचीच आहे ती मागें सरकवावी. आणि कॅमेरा तिवईवर चढवितांना भिंग बदललें तर वजन न वाढवितां पट्टीच सरकवावी, व तिच्यावर आधींच रंगानें खूण करून ठेवावी. स्क्रूंचीही एक गोष्ट आहे. आजच्या या अत्याधुनिक पिंजऱ्यांची बहुतेक भोकें पाव इंची, इंचास वीस आटे असलेल्या स्क्रूसाठीं असतात. स्थिर छायाचित्रणाच्या जुन्या काळापासून चालत आलेला हाच तो स्क्रू. त्यामुळें एका कारखान्याची मूठ दुसऱ्याच्या पिंजऱ्यास बसते. परंतु एकाच स्क्रूवर लटकलेली मूठ फिरते आणि ऐन वेळीं ढिली पडते. तेव्हां शेजारीं टोंचणाऱ्या खुंट्या आहेत कीं नाहींत, हें पाहूनच ती घ्यावी. दांड्यांचें अंतर ठरलेलें असतें: पंधरा मिलिमीटरच्या हलक्या दांड्यांत मध्यापासून मध्यापर्यंत साठ मिलिमीटर, तर एकोणीस मिलिमीटरच्या जड दांड्यांत एकशें चार. या दोन पद्धतींची सरमिसळ केली तर जोडणारे तुकडे आणखी विकत घ्यावे लागतात, आणि यादी आपोआप वाढते.

सारांश, सव्वाशें वर्षांचा इतिहास मला असें सांगतो कीं, भार कधींच नाहींसा होत नाहीं. तो जागा बदलतो. तो यंत्रावरून माणसाच्या खांद्यावर जातो, खांद्यावरून कमरेवर, एका माणसावरून दुसऱ्यावर, रस्त्यावरून खोलींत, दिवसावरून रात्रींत. जोडसाहित्य निवडणें म्हणजे तो कोणाच्या अंगावर टाकावयाचा हें निवडणें. आणि जो निवडतो त्यानें विचारावें असे प्रश्न तीनच: हें उपांग आजच्या दृश्यास हवें आहे काय? त्याचें वजन कोणाच्या शरीराच्या कोणत्या भागीं येईल? आणि तें जोडण्यास जो वेळ लागेल, तो कोणाचा? यांपैकीं तिसरा प्रश्न यादींत कोठेंच लिहिलेला नसतो. त्या दिवशीं आमच्या मुलांनीं जो भार उचलला नाहीं, तो त्या कुंभाराच्या वाट्यास आला. त्यांनीं त्याची पहांट घेतली, आणि त्याबदल्यांत त्यास कांहींच दिलें नाहीं.

सतरांपैकीं पांच वस्तूंवर मी खूण केली: अर्धा पिंजरा, वरची मूठ, आंखूड दांड्यांसह एक पट्टी, लहान पडदा, दोन लहान विजेऱ्यांची जोडी, आणि सहावी वस्तु यादींत नव्हती, ती मीं लिहिली. कॅमेरा जोडलेल्या स्थितींतच ठेवतां येईल अशी एक खोल पेटी. पेटी उघडावी, कॅमेरा उचलावा, आणि बटण दाबावें. मुलांतील एकजण म्हणाला, “सर, यांत भारी असें कांहींच नाहीं.” मी म्हटलें, “तेंच तर हवें आहे.”

यंदा तीं मुलें दुसऱ्या एका गांवीं जाऊन आलीं. जातांना जुन्या गांवावरूनच वाट होती म्हणून म्हाताऱ्यास भेटलीं. तें चाक आतां गोठ्याच्या भिंतीस टेकून उभें आहे, असें त्यांनीं येऊन सांगितलें. त्याचें एक चित्र त्यांनीं आणलें आहे. चांगलें आलें आहे. पण तें उभ्या चाकाचें आहे.